पेटीवरची बोटे



पु. ल. देशपांडे यांचे स्मरण करताना आम्ही त्यांचा विनोद क्षणभर बाजूस ठेवतो. आम्हांस आठवतात ती पेटीवर फिरणारी त्यांची बोटे. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ चित्रपटाचे दिग्दर्शन व संगीत त्यांचेच. त्यात भीमसेन जोशी गायिले. १९५९ साली दिल्लीस दूरदर्शन सुरू झाले, त्याच्या आरंभीच्या निर्मात्यांतही ते होते. परममित्र वसंतराव देशपांडे गात, तेव्हा हीच बोटे साथीस असत.

पुढे कंपवाताने ती थरथरू लागली. अशा दुखण्यात स्नेही काय करतात? ‘पाहवत नाही’ म्हणून पुष्कळदा आपण भेटच टाळतो. त्या शब्दांत दया असते ती स्वतःचीच! हात कापला म्हणून कान बहिरा होत नाही. जुनी मैफल, जुनी थट्टा त्यास हवीच असते.

१२ जून २००० रोजी, विवाहास चोपन्न वर्षे झाली त्याच दिवशी, पुलं पुण्यात निवर्तले. शोकसभा आपण रीतीने भरवतोच. विनंती एवढीच की, आठवणी ज्याच्या, त्यास त्या ऐकू येत आहेत तोवर त्याच्या उशाशी बसून सांगाव्यात.