वाट आपली आपण शोधावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी एका खेळाविषयी बोलणार आहे. माझी थोरली कॉलेजात एन. सी. सी.मध्ये नकाशा वाचायला शिकली. तिच्या तोंडून मला हा खेळ कळला. नाव ओरिएंटिअरिंग. आपण त्याला वाटशोध म्हणू.

अनोळखी रानात जागोजागी पांढरी-नारिंगी निशाणे लावलेली असतात. खेळाडूच्या हातात फक्त नकाशा आणि होकायंत्र. ठरवून दिलेल्या क्रमाने प्रत्येक निशाण गाठायचे. एक जरी राहिले तरी खेळाडू बाद. दोन निशाणांमधली वाट मात्र ज्याची त्याने शोधायची. २००१ साली जपानातल्या अकिता येथील जागतिक खेळांत हा खेळ प्रथम आला. तेथे सांघिक शर्यतीत दोन पुरुष आणि दोन बायका असा चौघांचा संघ होता. बायका रानात एकट्या धावल्या, हे ऐकून मला नवल वाटले.

मग मनात आले, नवल कसले? लग्न होऊन मी घाटघरला आले, त्या पहिल्याच श्रावणात चुकलेली शेळी शोधायला गेले आणि धुक्यात अडकले. स्वतःचा हात दिसेना. तेव्हा सासूबाईंचे बोलणे आठवले, "पावसाळ्यात वारा कोकणातून वर येतो. तोंडावर वारा आला की पुढे कडा समज आणि वाऱ्याला पाठ दे." मी पाठ दिली, पाऊल चाचपीत चालले आणि घरी पोचले. शेळी माझ्याआधीच गोठ्यात आली होती!

आता दुसरी गोष्ट. २०१९च्या ऑक्टोबरात चीनमधील वुहान येथे जगभरच्या सैनिकांचे खेळ झाले. वाटशोधाच्या मध्यम अंतराच्या शर्यतीत यजमान देशाच्या बायका पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. सहा देशांनी तक्रार केली. चौकशीत निघाले की, त्यांच्यासाठी रानात खुणा केल्या होत्या, त्यांनाच ठाऊक अशा चोरवाटा पाडल्या होत्या, प्रेक्षकही मदत करीत होते. त्यांना बाद करण्यात आले.

मला वाईट वाटले ते असे, की आपल्याला वाट सापडते की नाही, हे त्या बायकांना त्या दिवशी कळलेच नाही. आपणही मायेपोटी मुलींच्या वाटेवर खुणा करून ठेवतो. "इकडे नको, तिकडून जा, कोणाला तरी बरोबर घे." माया खोटी नाही. पण आपण बरोबर नसू त्या दिवशी धुके पडले, तर?

म्हणून माझी सूचना आहे. पावसाळा सरल्यावर, कड्यापासून दूर, गावाजवळच्या माळावर मंडळाने मुलींचा वाटशोध घ्यावा. नकाशा हाताने काढू. निशाणांना जुन्या लुगड्यांचे तुकडे चालतील. अट एकच, निशाणे लावणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकीच्याही कानात काही सांगायचे नाही. माझी धाकटी त्यात धावणार आहे, म्हणून ते काम मीच मागून घेते.