घाटातला उतार आणि ढिला ब्रेक

महाबळेश्वरची सहल आटोपून मोटार पांचगणी मागे टाकते आणि पसरणीचा घाट उतरू लागते. खाली वाई दिसू लागते. मागच्या बैठकीवर मुले स्ट्रॉबेरीच्या पेट्या सांभाळीत बसलेली असतात. एका वळणावर गृहस्थ ब्रेकवर पाय ठेवतो आणि तो पाय नेहमीच्या जागी न थांबता खाली खाली जातो. कसेबसे वळण पार पडते. वाईस चहापाणी होते, अर्धा-पाऊण तास जातो आणि पुन्हा निघताना पाहावे, तो पेडल पूर्ववत् कठीण! ‘भास झाला असेल,’ असे म्हणून गृहस्थ पुण्याचा रस्ता धरतो. हा भास नव्हे, आणि ब्रेक आपोआप बराही झालेला नाही, एवढेच या भाषणात सांगावयाचे आहे.

पायब्रेकमागील तत्त्व जुने आहे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात दाखविले. त्या तत्त्वावर चालणाऱ्या मोटारीच्या ब्रेकचे पेटंट 1917 साली अमेरिकेत माल्कम लॉकहीड याला मिळाले. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला ज्याचे नाव मिळाले, तो मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम अर्थातच निराळा.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातील दट्ट्या ब्रेक ऑईल पुढे लोटतो. तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो व तेथे पॅड तबकडीवर किंवा लायनर ड्रमवर आवळले जातात. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून पेडल कठीण लागते. वायू मात्र आकसतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद केले तरी दांडा काही अंतर आत जातोच, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तद्वत् नळीत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा असला, की पेडलची चाल तो बुडबुडा दाबण्यातच संपते.

ही वाफ येते कोठून? ब्रेक ऑईल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट 3 जातीच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनबिंदू निदान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा 140 अंश आहे. डॉट 4 साठी हे आकडे 230 व 155 आहेत. आता पसरणीचा हिशेब पाहावा. माणसे-सामानासह 1200 किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तीत सुमारे 19 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीस येईल. यातला मोठा वाटा ब्रेकने पेलावयाचा, तर मुरलेले ऑईल उकळल्यास नवल ते काय? गाडी थंडावते, वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल कठीण होते. मिस्त्रीकडे नेईपर्यंत दोष लपलेला असतो. पुढच्या घाटात तो पुन्हा हजर होतो.

ढिलेपणाची कारणे मात्र अनेक आहेत. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण लावून, इंजिन बंद असता पेडल चार-पाच वेळा दाबावे व मग त्यावर पाय स्थिर ठेवावा. पेडल स्पंजासारखे लागले व भराभर दाबल्याने वर आले, तर नळीत हवा असण्याचा संभव अधिक. स्थिर पायाखाली ते सावकाश बुडत गेले, तर ऑईल कोठून तरी सुटत आहे. टाकीतील पातळी उतरली असल्यास चाकांच्या आतील बाजू, रबरी नळ्या व मास्टर सिलिंडरचा सांधा तपासावा. पातळी ढळली नाही, तर सिलिंडरातील रबरी कप झिजून ऑईल मागच्या मागे परतत असावे. पेडल खोल जाऊन तेथे कठीण लागत असेल, तर मागच्या ड्रममधील लायनरचे अंतर वाढले असण्याचा संभव आहे. शेवटी इंजिन सुरू करताच पेडल किंचित खाली जाऊन थांबले, तर ती बूस्टर ठीक असल्याची खूण होय. त्याला कोणी दोष समजू नये.

उपाय कारणाप्रमाणे करावा. गळका भाग बदलल्यावाचून नुसते ऑईल ओतीत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. हवा काढताना निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑईलच्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा, आणि तो पुन्हा आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम चालावा व टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. एबीएस असलेल्या काही गाड्यांना यंत्राची जोड लागते, तेथे कारखानाच बरा. ऑईल सीलबंद डब्यातले, पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच असावे. इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते. सामान्यतः दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वावरणाऱ्या गाडीने तर यात कसूर करू नये.

आणि घाटातच पेडल बुडाले तर? ते भराभर दाबावे, एकेक गिअर खाली आणावा, हातब्रेक बेताबेताने ओढावा, हॉर्न वाजवीत डोंगराची कड धरावी. इंजिन बंद करू नये. परंतु ही पाळी न येऊ देणे गृहस्थाच्याच हाती आहे. घाट उतरताना वेग इंजिनाने आवरावा व ब्रेक राखून ठेवावा, हा जुना पाठ आजही खरा आहे. वाईस चहा घेताना पेडल कठीण झाले, म्हणून मन निर्धास्त होऊ देऊ नये. त्याने दिलेली सूचना एकदाच ऐकू येते असे समजून, पुढच्या प्रवासापूर्वी गाडी मिस्त्रीला दाखवावी. मागच्या बैठकीवरील मुलांचा सर्व भरवसा त्या एका पायावर असतो.