मळ्यातील नळी आणि तिचे रसायन
(निमगाव केतकी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विड्याच्या पानांच्या या गावात आम्ही रसायनशास्त्रावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. आम्ही स्वतः केवळ मॅट्रिक. परंतु मळ्यात पाणी आणणारी पीव्हीसीची नळी आपण रोज हाताळतो. तिच्या कुळाची ओळख असणे अगत्याचे आहे.

केळी पिकताना इथिलीन वायू सुटतो. त्यातील कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. अशा पदार्थांस अल्कीन म्हणतात. त्यातील हायड्रोजनच्या जागी क्लोरीन, ब्रोमीन वा आयोडीन बसला की हॅलोअल्कीन सिद्ध होते. कारखान्यात इथिलीनशी क्लोरीनचा संयोग घडवून डायक्लोरोइथेन करतात. ते सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले म्हणजे हायड्रोजन क्लोराइड निघून जाऊन व्हिनाइल क्लोराइड उरते. रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८३५ साली प्रथम तयार केले. त्याचे असंख्य रेणू साखळीने गुंफले की पीव्हीसी होते.

या कुळाचा दुसरा उपयोग औषधनिर्मितीत आहे. कलम बांधताना जेथे छेद द्यावा तेथेच फांदी जुळते. तद्वत हॅलोजन जेथे असेल तेथेच पॅलेडियम धातूच्या साहाय्याने नवा कार्बन जोडता येतो. या जोडणीच्या शोधांबद्दल हेक, नेगिशी व सुझुकी यांस २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य गोष्ट. व्हिनाइल क्लोराइड वायू हुंगणाऱ्या अमेरिकेतील कामगारांना यकृताचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचे १९७४ साली उघडकीस आले, आणि तेथील नियम कडक झाले. तयार नळीतून वाहणाऱ्या पाण्यास भिण्याचे कारण नाही. मात्र फुटक्या नळ्यांचे तुकडे बांधावर पेटविण्याची जी चाल पडली आहे, ती घातक होय. त्या धुरात आम्लाचा वायू व डायॉक्सिनसारखी विषे असतात, आणि शेजारी आपलीच लेकरे खेळत असतात. तुकडे भंगारात द्यावेत, जाळू नयेत.

आपली मुले कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत कामास जातात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : ज्या पिंपास हात लावाल, त्यातील द्रव्याचे नाव आणि त्याचा धोका विचारल्यावाचून झाकण उघडू नका. विचारण्यात कमीपणा नाही. आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहून आम्ही हेच शिकविले.