थांबायला शिकलेला ड्रायव्हर

रात्रीची जेवणे आटोपून आपण अंगणात बाज टाकून पडतो, तेव्हा लांबच्या सडकेवरून मालट्रकचा घरघराट कानी येतो. त्या आवाजाची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की त्यात कुणी माणूस बसला आहे हे लक्षातही येत नाही. आपला कांदा, आपला ऊस, दुकानातली साखर, शाळेतली पुस्तके, सगळे त्याच आवाजातून येते आणि जाते. आज त्या आवाजाच्या आत नव्यानेच बसलेल्या एका पोराची हकीगत तुम्हाला सांगणार आहे.

हा पोरगा माझा विद्यार्थी. आमच्या निफाड तालुक्यातल्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. तो मागच्या बाकावर बसे. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली न दिली, आणि कॉलेज सोडून गेला. वडिलांची दीड एकर जमीन, त्यात दोन बहिणींची लग्ने. हजेरीपटावरून त्याचे नाव आम्ही लाल शाईने कापले आणि विसरलो. शिक्षकाच्या हातून असे बरेच विसरणे घडते.

पुढे २०१८ सालच्या डिसेंबरात मला तातडीने ठाण्याला जायचे होते. शेवटची एस.टी. चुकली होती. लासलगावच्या नाक्यावर उभा होतो, तोच एक दहा चाकी गाडी कचकन थांबली आणि वरून आवाज आला, "सर, कुठं निघालात? या वर." पाहतो तर हाच. वाशीच्या बाजारात कांदा घेऊन निघाला होता. स्टेअरिंगवर बसून त्याला जेमतेम चार महिने झाले होते. मी चढलो. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा तो रात्रीचा प्रवास, आणि त्या प्रवासात गुरू कोण आणि शिष्य कोण, हे उलटे झाले.

तुम्हाला वाटेल, ट्रक चालवायचा म्हणजे लायसन काढले आणि बसले. तसे नसते. आधी क्लीनर व्हावे लागते. हा दीड वर्ष क्लीनर होता. पहाटे चारला उठून समोरची काच पुसायची, उस्तादाला चहा आणायचा, टामी घेऊन दहाही टायर ठोकून पाहायचे. "सर, हवा भरलेला टायर ठणठण वाजतो. हवा उतरली असली की भद्द बोलतो. अंधारातसुद्धा कळतं." मागच्या दोन जुळ्या टायरांच्या मधे दगड अडकतो, तो काढायचा, नाही तर वेगात तो टायर खाऊन टाकतो. ताडपत्री बांधायची, पण कांदा असला तर हवेला वाट ठेवून, नाही तर माल घामेजतो. गाडी मागे घेताना फाळक्याशी उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायचे आणि वेळेवर पत्र्यावर थाप मारायची. चढणीवर गाडी उभी राहिली तर उडी मारून चाकामागे दगड लावायचा. ती उडी उशिरा पडली तर काय होईल, हे कुणी सांगत नाही. ते ज्याचे त्याने ओळखायचे.

उस्तादाने सहा महिने त्याला स्टेअरिंगला हातही लावू दिला नाही. मग एके दिवशी रिकामी गाडी, रिकामी सडक पाहून म्हणाला, "बस पोरा." त्याला वाटले, आपल्याला आले! पंधरा दिवसांनी भरलेली गाडी हाती मिळाली, तेव्हा कळले की आपल्याला काहीच आलेले नाही. पन्नास किलोची एक, अशा ३२० गोण्या म्हणजे १६ टन कांदा. रिकामी गाडी सांगाल तिथे थांबते. भरलेली गाडी आधी विचार करते, मग थांबते. वळणावर मागचा माल आपल्याला ढकलतो आहे, असे वाटत राहते.

इथे शाळामास्तरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर जाते. वेग दुप्पट केला तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ब्रेक लागल्यापासून मोजले तर जवळजवळ चौपट होते. हे गणित आपण फळ्यावर मांडतो, पोरे वहीत उतरवतात, आणि त्यातलेच एखादे पोर पुढे ट्रकवर बसते. आगगाडी आणि फलाट यांच्या उदाहरणांबरोबर एखादे उदाहरण या कांद्याच्या गाडीचेही घालावे, असे मला त्या रात्रीपासून वाटते.

घोटी मागे पडली, इगतपुरी आली. तिथून पुढे कसारा घाट. घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरून टायर पाहिले, ब्रेकच्या हवेचा काटा पाहिला आणि मग खालचा गिअर टाकून हळूहळू उतरू लागला. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी म्हटले, "अरे, उताराला एवढा हळू?" तो म्हणाला, "सर, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही उस्तादाची पहिली शिकवण. इंजिननं गाडी धरली पाहिजे. सारखा ब्रेक दाबला तर लायनर तापतात आणि मग धरेनासे होतात. पाय खाली जातो आणि गाडी मात्र ऐकत नाही." डिझेल वाचवायला काही जण घाटात गाडी न्यूट्रल करतात. तेव्हा इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. वाचलेले ते डिझेल किती, आणि त्याचे मोल काय द्यावे लागते, हे घाटाखालच्या दरीला विचारावे.

घाट उतरलो. आता सरळ रस्ता, म्हणून मी निर्धास्त झालो. आणि तो मात्र सावध झाला. रात्रीचा दीड-दोनचा सुमार. तेव्हा त्याने मला स्वतःची गोष्ट सांगितली.

एकट्याच्या जिवावर गाडी हाती आली, त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली ती गोष्ट. माल भरायला उशीर झाला होता. संध्याकाळी सहाला निघायची गाडी रात्री दहाला निघाली, आणि व्यापाऱ्याचा निरोप असा की काही झाले तरी बाजार उघडायच्या आत पोचायचे. आदल्या रात्रीचीही झोप नव्हती. डोळ्यांवर पाणी मारले, मोठ्याने गाणी म्हटली, तंबाखू मळली. आणि कधी डोळा लागला ते कळलेच नाही. चाकाखाली खडी वाजली म्हणून जाग आली. गाडी डांबर सोडून कडेला उतरली होती. दिव्यांच्या उजेडात समोर एक चहाची टपरी आणि टपरीपुढे बाजेवर निजलेले माणूस दिसले. त्याने सगळा जोर ब्रेकवर घातला. बाजेपासून पाच-सात पावलांवर गाडी थांबली.

"त्या म्हातारबाबांना जागसुद्धा आली नाही, सर," तो म्हणाला. "कुशीवर वळले आणि परत निजले. मी मात्र खाली उतरून रस्त्यावर बसलो. पाय उभे राहीनात."

त्यानंतर दोन दिवस त्याने स्टेअरिंगला हात लावला नाही. घरी आईला काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी उस्तादाकडे गेला आणि म्हणाला, मला परत क्लीनर करा. उस्तादाने सगळे ऐकून घेतले. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पोरा, चालवायला मी शिकवलं. थांबवायला कुणाला शिकवता येत नाही. ते तुला आता समजलं. उद्यापासून ये."

ही हकीगत संपते न संपते तोच शहापूरच्या अलीकडे त्याने गाडी एका ढाब्याच्या मोकळ्या आवारात घेतली. चहासाठी असेल असे मला वाटले. तो म्हणाला, "सर, डोळे जड झालेत. पाऊण तास झोपतो." एवढ्यात फोन वाजला. पलीकडून व्यापारी बोलत होता. त्याचा चढा आवाज मलाही ऐकू येत होता. माझा हा मागच्या बाकावरचा विद्यार्थी, वर्गात प्रश्न विचारला की मान खाली घालणारा, शांतपणे म्हणाला, "शेठ, गाडी उभी आहे. पाऊण तासानं निघतो. माल पोचेल." आणि फोन ठेवून, क्लीनरला उठवायला सांगून, खरोखरच झोपला.

मी जागाच होतो. माझ्या नोकरीत वरिष्ठांना इतक्या सरळपणे "नाही" म्हणण्याचा प्रसंग मला किती वेळा आला, आणि आला तेव्हा मी काय केले, याचा हिशेब त्या पाऊण तासात मी करीत होतो. हिशेब काही फारसा चांगला निघाला नाही.

गाडी उशिरा पोचली. त्याच्या भत्त्यातून दोनशे रुपये कापले गेले, हे त्याने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितले, तेही हसत हसत.

श्रोतेहो, आता तुम्ही म्हणाल, याला कायदा नाही का? १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी संसदेने कायदा केला. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात लिहिलेले होते. पण पाच किंवा अधिक कामगार जिथे असतील, तिथेच तो लागू होता. ज्याच्याकडे एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर, त्याच्या दारापर्यंत तो पोचतच नव्हता. आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्या अशा एकट्यादुकट्या मालकांच्याच. सुधारणा होत आहेत, नाही असे नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांची केबिन वातानुकूलित असावी, असा नियम झाला. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळून बोगद्यातून जाण्याची सोय झाली. परंतु परवा तो भेटला तेव्हा म्हणाला, "रस्ता चांगला झाला, सर, पण सरळ रस्त्यावर डोळा लवकर लागतो." म्हणजे थांबायचे शिक्षण काही चुकत नाही.

आणि या शिक्षणात आपलाही हात आहे, ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. गाडी उशिरा का निघाली? कारण कांदा भरायला आपण उशीर केला. गोण्या शिवायच्या राहिल्या होत्या, हमाल जेवायला गेले होते, "आणखी दहा गोण्या बसतील की" म्हणून घासाघीस चालली होती. हे चार तास आपण खळ्यावर सांडले, आणि ते भरून काढायची जबाबदारी मात्र त्या पोराच्या डोळ्यांवर टाकली. अंगणात बसून आपण "पोचव बाबा लवकर" म्हणतो, तेव्हा ते शब्द कुठल्या तरी टपरीपुढच्या बाजेपर्यंत जातात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

म्हणून शेतकरी बांधवांना विनंती, की माल दिवसाउजेडी भरून द्या. वजनकाट्याला फसवून आणखी चार गोण्या वर चढवू नका. ड्रायव्हर दारात आला तर त्याला भाकरी विचाराच, पण "थोडा वेळ निजतोस का?" हेही विचारा. आणि शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की हजेरीपटावरून जे नाव लाल शाईने कापले जाते, ते पोर कुठे गेले याची एकदा तरी चौकशी करावी. कदाचित ते आपल्यापेक्षा अवघड शाळेत दाखल झालेले असेल.

माझा विद्यार्थी आता स्वतः उस्ताद झाला आहे. त्याच्या हाताखाली एक नवा क्लीनर आहे. मी विचारले, "त्याला स्टेअरिंग कधी देणार?" तो म्हणाला, "घाई नाही. आधी त्याला झोप आली की 'झोप आली' असं मला सांगू दे. अजून लाजतो."