फोटो आहे का?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळातली विष्णूची मूर्ती एका रात्रीत गेली. फौजदारांनी पहिला प्रश्न विचारला, "फोटो आहे का?" गावभर शोधाशोध झाली. सापडला तो माझ्या ताईच्या लग्नातला. त्यात ताई आहे, दाजी आहेत, पंचवीस वऱ्हाडी आहेत. मूर्ती मात्र हारांत नि पितांबरात बुडालेली. दिसतात ते फक्त चांदीचे डोळे. गुरवमामांना तिचा कानाकोपरा पाठ होता, पण ते पाठांतर कागदावर कसे उतरवणार?

तेव्हापासून पॅरिसच्या एका चित्रविक्रेत्याची गोष्ट मला आपल्या घरची वाटते. पॉल रोझेनबर्ग हे त्यांचे नाव. पिकासो, ब्राक, मातीस यांची चित्रे ते विकत. चित्रांचे फोटो नि व्यवहाराच्या नोंदी जपून ठेवायच्या, ही त्यांची शिस्त. त्यात कलाप्रेम किती आणि व्यापाऱ्याचा हिशोबीपणा किती, कोण जाणे! मला दुसराच जास्त वाटतो.

१९४० साली जर्मन फौजा आल्या. रोझेनबर्ग न्यूयॉर्कला निसटले आणि मागे राहिलेली सुमारे चारशे चित्रे नाझींनी लुटली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ एक आगगाडी अडवली गेली. अडवणाऱ्या तुकडीचा लेफ्टनंट होता त्यांचाच मुलगा, अलेक्झांडर. डब्यात त्याला घरच्या भिंतीवरची चित्रे दिसली! ती त्याने नजरेनेच ओळखली. पण नजर किती वर्षे पुरणार? पुढे बाप गेला, लेकही गेला. मातीस यांचे १९३७ सालचे, निळ्या पोशाखातल्या स्त्रीचे चित्र नॉर्वेच्या एका संग्रहालयात होते. ते २०१४ मध्ये वारसांना परत मिळाले, तेव्हा साक्ष द्यायला जुन्या नोंदीच उरल्या होत्या.

त्याच वर्षी तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानचा चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाहून परत आला. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने चोरीच्या आधी काढलेला त्याचा फोटो तिथे कामी आला होता.

आता आपल्याकडे चारठाण्याला जाणारे हौशी लोक देवळांचे, बारवेचे फोटो भरपूर काढतात. पण पुढे स्वतः उभे राहून. माझी विनंती एवढीच, की एक फोटो माणसांवाचून काढा. हार-वस्त्रे उतरवलेली असताना, पुजाऱ्यांना विचारून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि शक्य असेल तर पाठीमागूनही. शेजारी मोजपट्टी ठेवा. झिजलेले नाक, तुटलेले बोट मुद्दाम टिपा. मूर्ती ओळखू येते ती त्यानेच. मागे तारीख आणि गाव लिहा. एक प्रत गावाबाहेर, पाहुण्यांकडे ठेवा.

आमची मूर्ती अजून मिळालेली नाही. ताईचा तो फोटो फौजदारांनी परत केला.