माल्टाची आदिमाता : दगड काय सांगतात, आपण काय ऐकतो

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय आहे 'प्राचीन काळातील स्त्रीसत्ता'. त्यावर बोलण्याआधी एक कबुली देते. एम.एस.डब्ल्यू. करून मी वस्त्यांमध्ये काम सुरू केलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येक शिबिरात सांगायची की पूर्वी मातृसत्ता होती, बाईला मान होता, मग पुरुषांनी सत्ता हिसकावून घेतली. पुरावा म्हणून माल्टा बेटावरच्या मूर्तींची चित्रं दाखवायची. एकदा बांधकामावर बिगारी काम करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "ताई, हे खरं कशावरून? आणि उद्या कुणी खोटं ठरवलं, तर आम्ही हक्क मागायचाच नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून पुन्हा वाचायला बसले. आज जे सांगणार आहे, ते त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

माल्टा हा भूमध्य समुद्रातला, सिसिलीच्या दक्षिणेचा छोटासा द्वीपसमूह. तिथे इ.स.पू. ३६०० ते २५०० या काळात शेती करणाऱ्या, गुरं-मेंढरं पाळणाऱ्या लोकांनी प्रचंड दगडांची देवळं उभारली. इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी! धातूचं हत्यार नव्हतं. दगडाची आणि शिंगांची अवजारं, आणि माणसांचं बळ. हाजर-ईम इथली सर्वांत मोठी शिळा २० टनांहून जड आहे. देवळांच्या आसपास दगडी गोळे सापडले आहेत. शिळा त्यांच्यावरून सरकवत नेल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. आतली दालनं अर्धगोल, एकमेकांना जोडलेली. शेजारच्या गोझो बेटावरचं जगंतिया हे देऊळ १९८० साली 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत गेलं, १९९२ साली आणखी पाच ठिकाणं त्याला जोडली गेली.

जगंतिया म्हणजे राक्षसिणीची जागा. तिथली लोककथा अशी की एका महाकाय बाईने, खांद्याला तान्हं मूल लटकवून, हे देऊळ बांधलं. कडेवर पोर आणि डोक्यावर ओझं घेऊन राबणारी बाई आपण रोज पाहतो. म्हणून ही कथा मला जवळची वाटते. पण कथा ही कथा आहे. देऊळ खरोखर कुणी बांधलं, दगड ओढायला बायका किती होत्या, स्वयंपाक कोण करत होतं, हे दगडांवर लिहिलेलं नाही. त्या लोकांना लिपीच नव्हती.

आता मूर्तींकडे वळू. तारशीनच्या देवळात एका भव्य मूर्तीचा कमरेखालचा भाग सापडला. चुण्यांचा घागरा, जाडजूड पोटऱ्या, लहानशी पावलं. मूर्ती अखंड असताना अडीच मीटरहून उंच असावी. हाल साफ्लिएनी इथे खडकात खोदलेलं तीन मजली भुयारी दफनस्थान आहे. १९०२ साली घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना ते सापडलं. थेमिस्टोक्लिस झामिट यांनी अंदाज बांधला की तिथे सुमारे ७,००० माणसांना पुरलं असावं. तिथेच 'निद्रिस्त स्त्री' सापडली. कुशीवर झोपलेली, मातीची, जेमतेम १२ सेंटिमीटरची.

या मूर्ती पाहून जगभरातल्या कितीतरी बायका हरखून गेल्या. बाखोफेन यांनी १८६१ साली आणि एंगल्स यांनी १८८४ साली आदिम मातृहक्काची मांडणी केली होतीच. आपल्या अभ्यासमंडळांतून एंगल्स वाचला गेला आहे. पुढे मारिया गिम्बुटास या पुरातत्त्वज्ञ बाईंनी मांडलं की प्राचीन युरोपात महादेवीला मानणारी, शांतताप्रिय संस्कृती होती. त्यांच्या या मांडणीत माल्टाला मानाचं स्थान मिळालं. पाश्चात्त्य स्त्री-चळवळीतल्या अनेकजणी तीर्थयात्रेला जावं तशा माल्टाला जाऊ लागल्या. आजवर बाईचा इतिहास कुणी लिहिलाच नव्हता, त्यामुळे ही ओढ मी समजू शकते. मलाही ती होतीच.

पण पुरावा नीट पाहू. त्या स्थूल मूर्तींपैकी बऱ्याच मूर्तींवर स्त्री किंवा पुरुष असल्याची खूणच नाही. स्तन नाहीत, जननेंद्रियं नाहीत. कित्येकांना मान बसवायला नुसती खोबण आहे, म्हणजे डोकं वेगळं करून लावत असावेत. काही मूर्ती मात्र निःसंशय बाईच्या आहेत. हाजर-ईमची 'व्हीनस' तशी आहे, निद्रिस्त स्त्रीही. पण अंग भरलेलं दिसलं की ती बाई, आणि बाई दिसली की ती आईच, हा हिशेब आपला आहे, त्या दगडाचा नव्हे. बाईला आईपणातच पाहायचं हे तर आपण पितृसत्तेकडूनच शिकलो ना?

१९८७ ते १९९४ या काळात गोझोवरच्या शारा गावी एका दफनस्थळाचं उत्खनन झालं. हाडांचे दोन लाखांहून अधिक तुकडे निघाले. स्त्रिया, पुरुष, मुलं, सगळ्यांचे अवशेष एकाच जागी, मिसळलेले. मृत्यूनंतर त्यांना जवळजवळ ठेवलं गेलं, एवढं त्यावरून कळतं. राज्य बायकांचं होतं, असं कळत नाही. पुरुषांचं होतं, असंही नाही!

हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. 'बाई कायम पुरुषाच्या ताब्यातच होती, निसर्गनियमच आहे' असं सांगणाऱ्यालाही हे दगड साथ देत नाहीत. त्याच्याकडेही पुरावा मागा.

आणि समजा, ती देवीच होती. तर काय? त्याच माल्टात बायकांना मताचा अधिकार मिळाला १९४७ साली. १९९३ सालच्या दुरुस्तीपर्यंत कायद्याने नवराच कुटुंबप्रमुख होता. घटस्फोट मिळू लागला २०११ साली, तोही सार्वमतानंतर. गर्भपातावर २०२३ पर्यंत सरसकट बंदी होती. त्या वर्षी बाईचा जीवच धोक्यात असेल तरच परवानगी, एवढी वाट उघडली. यातलं काहीही तारशीनच्या मूर्तीने दिलं नाही. जे मिळालं ते मागणाऱ्यांमुळे मिळालं, जे अडलं आहे तेही मागूनच मिळेल. देवी देव्हाऱ्यात आणि बाई उंबऱ्याआड, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. नवरात्रात नऊ दिवस आपण तेच पाहतो.

तर त्या बिगारी बाईंना माझं उत्तर असं : बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता. पूर्वी बायकांचं राज्य होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. पण समान मजुरी मागायला पाच हजार वर्षांपूर्वीचा दाखला लागत नाही. तुम्ही आज दगड उचलता, एवढा दाखला पुरे आहे.

शिबिरांत मी आता मातृसत्तेची गोष्ट सांगत नाही. चित्रं मात्र अजूनही दाखवते. दाखवून विचारते, "ही बाई आहे असं तुम्हाला का वाटलं?" मग तासभर चर्चा चालते. तुमच्या गटात हा प्रश्न विचारून पाहा, आणि काय उत्तरं आली ते आम्हाला जरूर कळवा.