कामावरून काढलेला सोबती

पुण्याहून सातारच्या वाटेस लागलें कीं कात्रज येतें, आणि तेथून पुढें घाटाची चढण सुरू होते. या रस्त्यावर एस. टी.च्या गाड्यांची वर्दळ रात्रंदिवस असते. २०२१ सालच्या दिवाळीच्या सुमारास ती थांबली. महामंडळाचें राज्य शासनांत विलीनीकरण व्हावें, ही चालक-वाहकांची मुख्य मागणी होती. संप लांबला, तशीं निलंबनाचीं आणि बडतर्फीचीं पत्रें निघूं लागलीं. अखेर २०२२ च्या एप्रिल महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें, २२ तारखेपर्यंत जे रुजू होतील त्यांना, बडतर्फ झालेल्यांसह, कामावर घेण्यास सांगितलें. आणि गाड्या पुन्हां धांवूं लागल्या.

त्या संपाच्या बऱ्यावाइटाचा निवाडा मला आज करावयाचा नाहीं. परंतु त्यानें एक जुना प्रश्न आपल्या दाराशीं आणून उभा केला. ज्याची नोकरी गेली, त्याच्याविषयीं ज्याची नोकरी राहिली त्याचें कर्तव्य कोणतें?

बडतर्फीचें पत्र एकाच्या नांवें येतें, पण त्याचा धाक सर्वांना बसतो. उद्यां आपलीहि पाळी येईल, या भीतीनें सोबती त्याच्याशीं बोलणें टाळूं लागतात. वाणी उधारी बंद करतो. दुसरीकडे कामास गेलें, तर पहिली नोकरी कां सुटली हें आधीं विचारलें जातें. अशा वेळीं मनुष्य पैशाच्या तंगीनें खचतो, आणि एकटेपणानें त्याहूनहि अधिक खचतो.

या प्रश्नाला मुंबईच्या गिरणी कामगारांनीं एकदां फार मोठें उत्तर दिलें होतें. १९२८ सालीं सुमारें दीड लाख कामगारांनीं सहा महिने संप केला. तो मिटल्यावर संपांत भाग घेतलेल्या कांहीं कामगारांना कामावरून काढण्यांत आलें. १९२९ च्या मार्चमध्यें मीरत खटल्यासाठीं युनियनचे प्रमुख पुढारी पकडले गेले. तरीहि, काढलेल्यांना परत घ्यावें म्हणून गिरणी कामगार युनियननें २६ एप्रिल रोजीं पुन्हां सार्वत्रिक संप पुकारला. निष्ठेंत उणें कांहीं नव्हतें. पण आदल्या वर्षींच्या कर्जांतून घरें अजून वर आलीं नव्हतीं. सप्टेंबरांत संप फसला, आणि ज्या संघटनेनें काढलेल्यांना आधार द्यावयाचा, तीच खिळखिळी झाली.

यावरून सोबत्यासाठीं कांहींच करूं नये, असें अनुमान काढणें भ्याडपणाचें होईल. संप हें शेवटचें साधन आहे. त्यापूर्वीं करण्यासारखें पुष्कळ असतें, आणि तें बहुधा राहून जातें.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालीं एकट्याच्या बडतर्फीला औद्योगिक विवादाचें रूप यावयाचें, तर संघटनेनें किंवा पुष्कळशा सोबत्यांनीं तो तंटा आपला म्हणावा लागे. १९६५ च्या दुरुस्तीनें ही अट गेली आणि एकट्यालाहि दाद मागतां येऊं लागली. पण दाद मागणें निराळें आणि ती मिळेपर्यंत तग धरणें निराळें. खटला वर्षानुवर्षें चालतो; चूल मात्र रोज पेटवावी लागते. शिवाय चौकशींत साक्ष देणार कोण? घडलें तें पाहणारे सोबतीच असतात, आणि त्यांची भाकरी तर अद्याप मालकाच्याच हातीं असते.

कोणी म्हणेल, काढलेला मनुष्य खरोखरच अपराधी असला तर? असेलहि. अपराध झांकणें म्हणजे निष्ठा नव्हे. आरोप त्याला स्पष्टपणें सांगितला जावा, त्याचें म्हणणें ऐकून घेतलें जावें, आणि आपण पाहिलें तें खरें सांगावयास सोबत्यानें उभें राहावें, एवढाच आग्रह आहे. त्याबरोबर, संप नसतांनाहि, दरमहा पगारांतून थोडी वर्गणी बाजूस पडावी. तिच्यांतून वाण्याचें देणें आणि मुलांची फी भागली, तर पडेल त्या तडजोडीवर भुकेपोटीं सही करण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं.

श्रोतेहो, आपल्या शेजारींहि असें एखादें घर असेल, कीं जेथें सकाळीं डबा भरणें थांबलें आहे. त्या घरचें आपलें जाणेंयेणें थांबूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.